घर इथं, काम तिथं

आमच्या ऑफिसात गेल्या पावसाळ्यात नांदेडची एक मुलगी रुजू झाली. हुशार, बोलकी, मनात आलेलं विचारून मोकळी होणारी. एका सकाळी मला पोचायला बराच उशीर झाला. ठाण्याच्या अलीकडे गाड्या एकामागे एक उभ्या होत्या, कुर्ल्याला बीकेसीच्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या, शेअर रिक्षाची रांग पार पुलाच्या जिन्यापर्यंत आलेली, आणि वरून छत्रीला न जुमानणारा पाऊस. मी ओढणीचं टोक पिळत जागेवर आले तेव्हा तिनं आपला कोरडा नॅपकिन पुढे केला आणि अगदी काळजीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही एवढ्या लांब का राहता?" मी "सवय झाली गं" म्हणाले आणि कामाला लागले. ती अंधेरीला पीजीत राहते. नांदेडला तिचे वडील दुपारी दुकान बंद करून जेवायला घरी येतात. तिच्या दृष्टीनं प्रश्न सरळच होता. मला मात्र तो दिवसभर टोचत राहिला. डोंबिवलीत आम्ही एकमेकांना कितीची गाडी पकडता, बसायला मिळतं का, हे विचारतो. इथं का राहता, असं कुणी विचारत नाही.

माझ्या आजोबांना हा प्रश्न कळलाच नसता. ते गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवणारे कंपोझिटर होते. फणसवाडीतली आमची चाळ आणि छापखाना यांच्यात दोन गल्ल्यांचं अंतर. दुपारी ते जेवायला घरी येत. बोटांवरची शाई काही केल्या निघत नसे, म्हणून आजी त्यांच्यासाठी मोरीत राखेची वेगळी वाटी ठेवत असे. बाबा मोठे होऊन फोर्टातल्या एका कचेरीत कारकून म्हणून लागले, तेही चालतच जात. ठाकूरद्वार, धोबीतलाव, मग मैदानाच्या कडेकडेनं सावली धरून. अर्धा तास. संध्याकाळी परतताना वाटेत मित्र भेटत, वाचनालयात मासिक चाळून होई, कधी चौपाटीवर चक्कर. बाबा आता शहाऐंशीचे आहेत, आणि त्या चालत जाण्याच्या दिवसांविषयी बोलताना त्यांचा आवाज बदलतो. नंतर लोकलमध्ये गेलेल्या तीस वर्षांविषयी ते फारसं बोलत नाहीत.

खोली दहा बाय बाराची. आजी-आजोबा, तीन मुलगे, त्यातल्या दोघांची लग्नं झालेली. पुरुष रात्री गॅलरीत पथाऱ्या टाकत, पाऊस आला की गुंडाळून आत. माझी आई लग्न होऊन आली तेव्हा कॉटभोवती चादरीचा पडदा होता, आणि त्या पडद्याआड हसायचीसुद्धा चोरी होती, असं ती एकदा मला म्हणाली होती. तिच्या तोंडून त्या खोलीविषयी मी ऐकलेलं तेवढंच एक तक्रारीचं वाक्य. एरवी चाळ म्हणजे गणपती, चाळ म्हणजे अडीनडीला धावून येणारे शेजारी, आणि ते सगळं खरंच होतं. पण दोन जावा एका स्टोव्हवर स्वयंपाक करत होत्या, हेही खरंच होतं.

मग जवळच दुसरी खोली भाड्यानं का घेतली नाही? हे मी बाबांना विचारलं तर ते नुसते हसले. पागडी, म्हणाले, म्हणजे खोली मिळवण्यासाठी भाड्याशिवाय वेगळी मोजायची एकरकमी रक्कम. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी गोठली ती १ सप्टेंबर १९४० च्या आकड्यांवर. युद्धानंतर, फाळणीनंतर शहरात माणसं लोटत होती, घरमालकांनी मनाला येईल तसं भाडं मागितलं असतं, म्हणून हा कायदा आला आणि त्या वेळी त्याची गरजही होती. पण तात्पुरता आलेला कायदा मुदतवाढ मिळत मिळत उभं आयुष्य टिकला. आत असलेल्याला कुणी हलवू शकेना. मालकाला दुरुस्ती परवडेना, किंवा करावीशी वाटेना. भाड्यानं देण्यासाठी नवी चाळ बांधायचं धाडस कुणी करेना. आणि एखादी खोली रिकामी झालीच, तर तिच्यासाठी जी पागडी मोजावी लागे ती कारकुनाच्या आवाक्यातली नव्हती. माझी आजी त्या खोलीत शेवटपर्यंत राहिली, नाममात्र भाड्यात, कुणाच्या दयेवर न राहता, ते याच कायद्यामुळे. तिचे तीन मुलगे त्या वाडीतून एकेक करून बाहेर पडले, तेही याच कायद्यामुळे. मला या कायद्याचा राग येतो आणि कृतज्ञताही वाटते. दोन्ही एकाच वेळी, आणि त्यातलं एक काही कमी होत नाही.

बाबांनी १९७२ साली डोंबिवलीला ब्लॉक घेतला.

त्या काळी 'ओनरशिप' या शब्दात केवढी प्रतिष्ठा होती हे आज सांगून कळायचं नाही. सहकारी संस्थांचा कायदा १९६० चा, फ्लॅट मालकीचा १९६३ चा. म्हणजे चार मजली इमारतीतल्या दोन खोल्या माझ्या मालकीच्या, ही कल्पनाच तेव्हा जेमतेम दहा वर्षांची होती. गिरगावातल्या पागडीपेक्षा डोंबिवलीचा ब्लॉक स्वस्त पडला. नातेवाईक म्हणाले, "अरे, तिथं कोल्हे ओरडतात." कोल्हे मी ऐकले नाहीत, बेडूक मात्र ऐकले. आमच्या बिल्डिंगच्या मागून भातखाचरं सुरू व्हायची. पहिल्या पावसात तिथून येणारा आवाज इतका असायचा की आई खिडकी लावून घ्यायची. विहिरीचं पाणी, उन्हाळ्यात तळाशी गेलेलं, पोहऱ्याबरोबर बारीक शेवाळ वर यायचं. रस्ता म्हणजे चिखल. बाबा चपला पिशवीत घालून गमबूट चढवायचे, स्टेशनजवळच्या एका दुकानात गमबूट ठेवून चपला घालायचे आणि गाडी पकडायचे. त्या दुकानात अशा गमबुटांची ओळच असायची. दिवे गेले की सगळी बिल्डिंग गच्चीत. हळूहळू शाळा आल्या, वाचनालयं आली, नाट्यमंडळं, गणेश मंदिरासमोरची गर्दी, पुढे गुढीपाडव्याची स्वागतयात्रा. गिरगाव-दादरहून उठून आलेल्या माणसांनी जे जे मागे सुटलं होतं ते ते इथं पुन्हा उभं केलं. कामाची जागा तेवढी त्यांना उभी करता आली नाही. ती तिथंच राहिली, ४८ किलोमीटरवर.

मी ऑफिसातल्या त्या प्रश्नानंतर बरंच जुनं वाचत बसले. तेव्हा लक्षात आलं की आम्ही काही पहिले नव्हतो. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी एका रुग्णाचा ताप ओळखला, तो गाठीचा प्लेग निघाला. माणसं जीव घेऊन पळाली. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईत सव्वाआठ लाखांच्या आसपास माणसं होती, १९०१ मध्ये पावणेआठ लाख. वाढत्या गिरण्यांच्या शहरात माणसं कमी झाली होती! १८९८ मध्ये सरकारनं सुधारणा ट्रस्ट नेमला. दाटीच्या वस्त्या फोडायच्या, समुद्राची हवा आत येईल असे रुंद रस्ते काढायचे, आणि हटवलेल्यांना नवी घरं द्यायची, असं ते काम होतं. रस्ते झाले. प्रिन्सेस स्ट्रीट झाला, सँडहर्स्ट रोड झाला. घरं मात्र पाडली त्या गतीनं उभी राहिली नाहीत, आणि पाडलेल्या घरातला हमाल शेजारच्याच गल्लीत आणखी दाटीवाटीनं राहायला गेला, कारण त्याचं काम तिथं गोदीत होतं. पहाटे हजर राहिलं तरच ज्याला त्या दिवसाची मजुरी मिळते, त्याला दूरची मोकळी हवा काय कामाची?

त्याच ट्रस्टनं उत्तरेला दादर-माटुंग्याचं उपनगर आखलं. सरळ रस्ते, मधे बागा, दुतर्फा झाडं, इमारतीच्या उंचीला मर्यादा. पारशी कॉलनीत ट्रस्टचे अभियंते मंचरजी जोशी यांनी जिद्दीनं झाडं लावून घेतली. हिंदू कॉलनीच्या गल्ल्यांतून आजही चालताना मला वाटतं, हे करणाऱ्यांना शहर कळत होतं. तिथं राहायला गेला तो पगारदार मध्यमवर्ग, ज्याला पासाचे पैसे आणि रोजचा तास परवडत होता. मुंबईत राहण्याची आणि काम करण्याची जागा अशी आखून वेगळी करायला तिथून सुरुवात झाली असं मी धरते, आणि ती वाईट हेतूनं झाली नव्हती. अंतर तेव्हा थोडं होतं. दादरहून फोर्टला जाणाऱ्याला कदाचित ते सुखाचंही वाटलं असेल.

गिरणगावाची तऱ्हा वेगळी होती. लालबाग, परळ, डिलाईल रोड इथं भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरात माणसं राहत होती. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधलेल्या बीडीडी चाळी, चार ठिकाणच्या मिळून २०७ इमारती, बहुतेक कामाच्या चालत्या अंतरात. त्या खोल्या चांगल्या होत्या असं मी म्हणणार नाही, मजल्यावरच्या सामाईक संडासाच्या रांगा मी मैत्रिणीकडे जाऊन पाहिल्या आहेत. पण तिचे वडील पाळी सुटल्यावर दहा मिनिटांत घरी असत. मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार, आणि त्या गिरण्यांपैकी बऱ्याच पुन्हा नीट सुरू झाल्याच नाहीत. पुढे गिरण्यांच्या जमिनीवर काचेच्या इमारती आल्या, त्यांत कामं आली, हजारोंनी आली. ती करायला माणसं मात्र विरार, बदलापूर, पनवेलहून येऊ लागली, आणि गिरणी कामगाराचा मुलगा खोली विकून डोंबिवली-कल्याणला आला. माझी ती मैत्रीण आज आमच्याच गल्लीत राहते आणि परळला कामाला जाते. जिथं तिचा जन्म झाला तिथून चालत पाच मिनिटांवरच्या इमारतीत.

वाचताना एका तपशिलानं मला फार अस्वस्थ केलं. कुर्ल्याहून चेंबूरला जाणारी रेल्वे १९०६ साली टाकली गेली ती शहराचा कचरा वाहण्यासाठी. माणसांची गाडी त्या मार्गावर आली १९२४ मध्ये. म्हणजे अठरा वर्षं त्या रुळांवरून शहर आपली घाण पाणथळीत नेऊन टाकत होतं आणि नंतर त्याच वाटेवर वस्ती गेली. देवनारचं डम्पिंग १९२७ पासूनचं. आमच्या बाजूला कल्याणचं आधारवाडी होतं. उन्हाळ्यात तो डोंगर पेटला की वारा फिरेल तसा जळक्या प्लास्टिकचा वास खाडीकडच्या घरांत शिरायचा. पाण्याचा प्रवास याच्या उलटा. तानसा, वैतरणा, भातसा, ही धरणं शहापूर आणि आसपासच्या डोंगरात, नळ उघडतात मुंबईत, आणि एप्रिल-मेमध्ये शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर जातो. हे आम्ही सगळे पेपरात दरवर्षी वाचतो.

आणि दरवर्षी पान उलटतो.

गाडीविषयी किती आणि काय सांगू. बायकांच्या डब्यात मी वाढले असं म्हटलं तरी चालेल. पावसाळ्यात ओल्या ओढण्यांचा, मोगऱ्याचा, कुणाच्या तरी डब्यातल्या लसणीच्या फोडणीचा आणि अमृतांजनचा मिळून एक वास येतो, तो जगात दुसरीकडे कुठे नसेल. वरची कडी धरून उभ्या उभ्या झोपणाऱ्या बायका. "कुठं उतरणार?" हा पहिला प्रश्न, मग "ठाण्याला मला द्या", मग "मी सांगितलंय त्यांना आधीच", आणि कधी त्यावरून पेटलेलं भांडण. संध्याकाळी मेथी निवडून होते, भेंडी पुसून होते. दसऱ्याला डबा सजतो, संक्रांतीला हळदीकुंकू. माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या सुट्टीनंतर मी परतले तेव्हा ज्या बाईनं मला रोज न विचारता खिडकी दिली, तिचं आडनावही मला ठाऊक नव्हतं. या डब्यानं मला खूप दिलं आहे. म्हणूनच लोक जेव्हा 'मुंबईचं स्पिरिट' म्हणून त्याचं कौतुक करतात तेव्हा मला त्रास होतो. त्या बायका निवडून तिथं आलेल्या नसतात. मेथी गाडीत निवडावी लागते, कारण घरी पोचल्यावर तेवढाही वेळ उरलेला नसतो. मुलाचा अभ्यास, सासूचं औषध, स्वतःचं दुखरं गुडघ्याचं हाड, येण्याजाण्याचे चार तास या सगळ्यातून वजा होतात.

लहानपणी पारसिकचा बोगदा आला की आम्ही पोरं ओरडायचो. १९१६ मध्ये खुला झालेला, सव्वा किलोमीटरहून लांब. अचानक अंधार, कानात वारा, दगडाचा गार ओला वास, आणि पलीकडे एकदम उजेड. २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, तेव्हापासून जलद लोकल मुंब्र्यावरून जातात आणि बोगदा लांबच्या गाड्यांना गेला. मुंब्र्याला रूळ वळतात. ९ जून २०२५ च्या सकाळी त्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या शेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. त्या दिवशी चार जण गेले. मी त्याच मार्गावर मागच्या एका गाडीत होते. गाडी थांबली, कुणालाच काही कळेना, मग फोन वाजू लागले. डब्यातली प्रत्येक बाई कुणाला तरी "मी ठीक आहे" सांगत होती. माझ्या समोरची एक जण मात्र नंबर पुन्हा पुन्हा लावत होती आणि पलीकडून उत्तर येत नव्हतं. बऱ्याच वेळानं तिच्या मुलाचा फोन आला, तो डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवरच अडकला होता, गर्दीमुळे गाडीत शिरताच आलं नव्हतं. ती रडली आणि तिच्याबरोबर आम्हीही. नंतर बातम्यांत बंद दरवाजांविषयी बरंच बोललं गेलं. दरवाजे बंद व्हायलाच हवेत. पण बंद दरवाज्याआड मावतील त्याहून जास्त माणसं जर रोज सकाळी एकाच दिशेला ओढली जात असतील, तर बाकीची प्लॅटफॉर्मवर राहतील, आणि त्यांचा पगार कापला जाईल.

कामच माणसांच्या जवळ न्यावं, हे कुणालाच सुचलं नव्हतं असं नाही. याचंच मला सर्वांत वाईट वाटतं. १९६५ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता, अभियंते शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' नियतकालिकातून सुचवलं की मुंबई उत्तरेला लांबत जाण्याऐवजी खाडीपलीकडे पूर्वेला नवं शहर करा, आणि नुसती घरं नकोत, कामं न्या. सरकारचा कारभारच तिकडे हलवा, म्हणजे बाकीची कचेरी-दुकानं आपोआप मागे जातील. १९७० मध्ये हे नवं शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. ९५ गावांची जमीन घ्यायची ठरली. आणि त्याच वर्षांत दक्षिण टोकाला समुद्र बुजवून नरिमन पॉइंटचे टॉवर चढत होते. कांदा-बटाट्याचा बाजार वाशीला गेला, लोखंडबाजार कळंबोलीला गेला. मंत्रालय जागचं हललं नाही. त्यामुळे वाशी-नेरूळला राहायला गेलेला माणूसही कितीतरी वर्षं सकाळी पूल ओलांडून मुंबईकडेच धावत राहिला. ज्यांची शेतं आणि मिठागरं गेली त्या गावांना योग्य मोबदल्यासाठी शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्यामागे रस्त्यावर यावं लागलं. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबारात पाच जण मारले गेले, तेव्हा कुठे पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. एक चांगली कल्पना अर्धी राबवली की काय होतं हे पाहायचं तर नव्या मुंबईचा तो पहिला काळ पाहावा. मला त्या तिघांविषयी आदर आहे. त्यांचं म्हणणं पुरतं ऐकलं असतं तर बाबांच्या पिढीचं नाही तरी माझ्या पिढीचं आयुष्य वेगळं झालं असतं, असं मी मनापासून मानते.

काम अखेर हललं, पण कुठे, तर वांद्रे-कुर्ला संकुलात. मिठी नदीच्या मुखाशी, जिथं भरतीचं पाणी पसरायचं आणि तिवरं होती, तिथं भराव घालून. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा माझं ऑफिस अजून फोर्टातच होतं. माझी गाडी शीव आणि कुर्ल्याच्या मधे थांबली ती थांबलीच. अंधार पडल्यावर आम्ही काही बायका हातात हात धरून रुळांवरून कमरेएवढ्या पाण्यातून चालत निघालो. कुर्ल्यात एका पहिल्या मजल्यावरच्या घरानं आम्हाला वर घेतलं, कोरडे कपडे दिले, काळा चहा दिला, दूध मिळत नव्हतं. खिडकीतून खाली काळं पाणी फिरताना दिसत होतं, त्यातून एक म्हैस गेली. नंतर माधवराव चितळे यांच्या समितीनं मिठी रुंद आणि खोल करायची शिफारस केली. त्यानंतर काही वर्षांनी आमचं ऑफिस बीकेसीत आलं. मी जिथं बसते तिथून मिठी दिसते. भिंतींत बांधलेली, ओहोटीला वास मारणारी. ज्या जागी पाणी राहायचं तिथं आमच्या खुर्च्या आहेत, हे मला पावसाळ्यात एकही दिवस विसरता येत नाही.

बृहन्मुंबईची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंत सरकली, १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत, आणि तिथं थांबली. रेषेच्या आत ऑफिसं आहेत, त्यांचा मालमत्ता कर तिथल्या महापालिकेला मिळतो. रेषेबाहेर आम्ही झोपायला येतो, आमचा कचरा, सांडपाणी, शाळा, रस्ते हे १९८३ साली जन्मलेल्या आमच्या महापालिकेनं सांभाळायचं. डोंबिवलीच्या खड्ड्यांवर बोलणारे खूप आहेत, मीही बोलते. पण जे शहर आमच्या दिवसभराच्या श्रमावर श्रीमंत होतं त्याचा आमच्या फुटपाथशी काहीही संबंध नसावा, हा हिशेब मला कधीच पटलेला नाही.

आमच्या बिल्डिंगमागची भातखाचरं ज्यांची होती ते आगरी कुटुंब अजून त्याच गावठाणात आहे. त्यांचे घरधनी, आम्ही त्यांना काकाच म्हणतो, आता सत्तरीपुढचे. लहानपणी मी त्यांच्या बांधावरून शाळेत जायची. ते ओरडायचे, "पोरी, रोप तुडवू नको." आम्हाला ओनरशिपचा आनंद झाला त्या दिवशी त्यांचं खाचर गेलं होतं, हे मला फार उशिरा उमगलं. दिवाळीत फराळ द्यायला गेले तेव्हा कल्याण-शीळ रस्त्याकडच्या गावांतल्या ग्रोथ सेंटरचा विषय निघाला. इथंच ऑफिसं आणायची, लोकांना मुंबईला जावंच लागू नये, असा तो आराखडा. मी उत्साहानं बोलत होते. गेली कित्येक वर्षं मला हेच हवं होतं ना. काका ऐकत राहिले. मग एकेक मोजू लागले. कुणाची जमीन रेल्वेत गेली, कुणाची एमआयडीसीत, कुणाची रस्त्यात, आणि आसपासची २७ गावं महापालिकेत कधी आली, २००२ ला कधी बाहेर पडली, २०१५ ला पुन्हा कधी आली. दरवेळी कामं येणार असं सांगितलं होतं, म्हणाले. एमआयडीसीत आली, तर नोकऱ्या बाहेरच्यांना आणि रात्रीचा वास आम्हाला. काम येईल हो ताई, पण सातबारा माझा आणि नोकरी कुणाची, ते आधी कागदावर लिहून द्या. मला त्यांच्याशी वाद घालता आला नाही. काम इथं यायला हवं, हे माझं मत बदललेलं नाही. पण कुणाच्या जमिनीवर आणि कुणाला विचारून, हे मी इतकी वर्षं माझ्या मागणीत धरलंच नव्हतं.

तेवढ्यात त्यांचा धाकटा मुलगा आला, पाठीवर सॅक, शर्ट घामानं चिकटलेला. भात लावणाऱ्या घरातला, जन्मानं इथला, ज्याला कुठून उठून यावं लागलं नव्हतं असा डोंबिवलीत विरळा माणूस. कुठून येतोस रे, मी विचारलं. एसी दुरुस्तीच्या ठेक्यावर आहे, म्हणाला, सकाळी सातच्या आधी निघतो, कुर्ला आणि मग रिक्षा. बीकेसीत आमच्या समोरच्या इमारतीची देखभाल तोच करतो, हे आम्हा दोघांना त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं.